कोंढाण्यावरील कमलकुमारी

शके १५९१ च्या माघ वद्य नवमीस, म्हणजे इसवी सन १६७० च्या फेब्रुवारी महिन्याच्या ४ तारखेस, रात्रीच्या अंधारात तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा किल्ला मोगलांपासून हिसकावून घेतला आणि त्या झुंजीत ते स्वतः कामास आले. ही हकीकत ठाऊक नसलेला मनुष्य महाराष्ट्रात सापडणे कठीण. कोणाही मुलास विचारावे, तो ती घडाघडा सांगतो. जिजाबाईंनी गड मागितला. तानाजी आपल्या रायबाच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन आला होता, ते त्याने बाजूस ठेवले. यशवंती घोरपडीच्या कमरेस दोर बांधून मावळे कडा चढले. वृद्ध शेलारमामाने पराक्रम केला. आणि दुष्ट उदयभानूच्या कैदेत पडलेली कमलकुमारी नावाची रजपूत स्त्री मुक्त झाली. हे सारे एका दमात सांगितले जाते, जणू एकाच मनुष्याने ते एका रात्रीत आपल्या डोळ्यांनी पाहिले होते.

वस्तुतः हे वस्त्र एका मागावर विणलेले नाही. त्याचे काही धागे बखरकाराचे आहेत, काही शाहिराचे आहेत, आणि कमलकुमारीचा धागा एका कादंबरीकाराचा आहे. या साऱ्यांची शिवण पुसून टाकून त्यांचे एकच अखंड वस्त्र लोकांच्या हाती देण्याचे काम ज्याने केले, तो म्हणजे चित्रपट. ‘सिंहगड’ या नावाने १९२३ साली मूकपट निघाला आणि १९३३ साली बोलपट निघाला. दोहोंचा आधार हरि नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी. इतिहासातील एक प्रसंग कादंबरीत शिरला, कादंबरीतून पडद्यावर आला, आणि पडद्यावरून पुन्हा इतिहास म्हणून लोकांच्या मनात जाऊन बसला. हा प्रवास कसा झाला, हे पाहणे उद्बोधक आहे.

प्रथम मूळ घटना पाहावी. १६६५ सालच्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना २३ किल्ले मोगलांच्या स्वाधीन करावे लागले. त्यांत कोंढाणा होता. पुढील वर्षी आग्र्याचा प्रसंग झाला. महाराज तेथून सुटून आले, काही काळ स्वस्थ राहिले, आणि १६७० च्या आरंभी त्यांनी गेलेले किल्ले परत घेण्याची मोहीम सुरू केली. पुण्याच्या नैर्ऋत्येस उभा असलेला कोंढाणा हा त्या प्रदेशाचा पहारेकरीच होय. तो शत्रूच्या हाती असेपर्यंत पुणे प्रांतात निश्चिंतपणे पाऊल ठेवणे शक्य नव्हते. गडावर मोगलांच्या वतीने उदेभान राठोड हा रजपूत किल्लेदार होता. साहित्यात त्याचाच पुढे उदयभानू झाला.

या प्रसंगानंतर सुमारे पाव शतकाने, राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, कृष्णाजी अनंत सभासद याने जिंजी येथे आपली बखर लिहिली. तो महाराजांच्या पदरी वागलेला मनुष्य. कोंढाण्याची हकीकत त्याने थोडक्यात दिली आहे. तानाजीने गड घेण्याचे पत्करले, पाचशे मावळे बरोबर घेतले, कड्यावर चढण्यात तरबेज असे दोघे मावळे निवडले, ते दोघे वानरांप्रमाणे कडा चढून गेले व त्यांच्यामागून बाकीचे वर गेले, असे तो सांगतो. पुढे हातघाईची लढाई झाली. तानाजी आणि उदेभान समोरासमोर भिडले व दोघेही पडले. तानाजीचा भाऊ सूर्याजी याने मोडू लागलेला जमाव सावरून गड काबीज केला, आणि वर आग पेटवून राजगडास विजयाची खूण दिली. एवढीच कथा. तीत घोरपड नाही, लग्न नाही, आणि कमलकुमारी तर नाहीच नाही.

यानंतरचा हात शाहिराचा. तुळशीदास शाहिराचा तानाजीवरील पोवाडा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या गाइला गेला. जिजाबाई केस विंचरीत असता त्यांना दूरवर कोंढाणा दिसतो, त्या महाराजांशी सोंगट्यांचा डाव मांडतात आणि पणात तो गड मागतात, हा नाट्यमय आरंभ पोवाड्यातला. रायबाचे लग्न, शेलारमामा आणि घोरपड हीही तेथलीच. शाहीर डफावर थाप मारून भर सभेत उभा राहतो. त्याला चार ओळींची बखर पुरत नाही. ऐकणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातही लग्न आहे, म्हातारा मामा आहे. म्हणून तानाजीच्या घरातही ती असली पाहिजेत, असे शाहिराला वाटले तर त्यात नवल नाही. हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली छापून प्रसिद्ध केला, तेव्हापासून शहरातील सुशिक्षित वर्गाच्या हातीही हे पोवाडे आले.

आता कादंबरीकाराकडे वळावयाचे. हरिभाऊ आपटे यांचा जन्म १८६४ साली खानदेशात झाला. त्यांची हयात पुण्यात गेली. आनंदाश्रम या संस्थेचा कारभार त्यांनी पाहिला, पुण्याच्या नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविले, १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. परंतु त्यांची खरी ओळख ‘करमणूक’ या साप्ताहिकाचे संपादक ही. १८९० साली त्यांनी ते काढले आणि आपल्या कादंबऱ्या प्रकरणाप्रकरणाने त्यातून छापल्या. आठवड्याचा अंक घरी आला म्हणजे एकाने वाचावे व बाकीच्यांनी भोवती बसून ऐकावे, अशी तेव्हाच्या मध्यमवर्गीय घरांतील रीत होती. १९०३ च्या सुमारास ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी याच वाटेने वाचकांकडे गेली.

हरिभाऊंनी बखर व पोवाडा या दोहोंचे साहित्य हाताशी घेतले. परंतु कथेचा केंद्रबिंदू त्यांनी स्वतः निर्माण केला. एक रजपूत स्त्री उदयभानूच्या तावडीत सापडते, तो तिला आपल्याबरोबर दक्षिणेत आणून कोंढाण्यावर ठेवतो, आणि गडाची मुक्तता व त्या स्त्रीची मुक्तता ही दोन्ही एकाच रात्रीवर येऊन ठेपतात. पोवाड्यात गड हा जिजाबाईंच्या डोळ्यांत सलणारा काटा होता. कादंबरीत तो एका अबलेचा तुरुंग झाला. चढाई करणाऱ्यांना मोहिमेचे कारण होतेच. वाचकाला मात्र त्याच्या हृदयाला झोंबणारे दुसरे कारण मिळाले.

साप्ताहिकाच्या लेखकाला वाचकाची उत्कंठा टिकविणे भाग असते, म्हणून त्याने ही स्त्री घातली, असे म्हणून मोकळे होता येईल. सर वॉल्टर स्कॉटच्या धर्तीवर ऐतिहासिक घटनेत कल्पित पात्रांची प्रेमकथा गुंफण्याची त्या काळची प्रथा होती, असेही म्हणता येईल. दोन्ही कारणे खरी आहेत. परंतु ती पुरेशी नाहीत. याच लेखकाने त्यापूर्वी दहाएक वर्षे ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी लिहिली होती. तीत यमू नावाची मुलगी आपले आयुष्य आपल्याच तोंडाने सांगते: बालपण, लग्न, थोडके सुख, वैधव्य, आणि वैधव्यानंतरची विटंबना. पुण्याच्या वाड्यांतील बंद दारांआड स्त्रियांचे काय होते, हे त्या पुस्तकाने महाराष्ट्राला ऐकविले. असा लेखक कोंढाण्याकडे पाहू लागला, तेव्हा त्याला तटबंदीच्या आत एक कोंडलेली स्त्री दिसावी, हे अगदी स्वाभाविक आहे. पुरुषांच्या पराक्रमाच्या कथेत स्त्रीचे दुःख कोठे आहे, असा प्रश्न त्याने विचारला, आणि बखरीत उत्तर न मिळाल्यामुळे स्वतः ते निर्माण केले. कमलकुमारी ही इतिहासात नसेल. परंतु हरिभाऊंच्या काळातील घराघरांत ती होती. कादंबरीचे सत्य ते हेच.

येथे इतिहासाची फसवणूक झाली, असे कोणी म्हणेल तर ते अन्यायाचे होईल. कादंबरीच्या पानापानांवर लेखक उपस्थित असतो. तो वाचकाला हाक मारतो, पुढील प्रकरणात काय येणार ते सुचवितो, मागील धागा कोठे सुटला होता त्याची आठवण देतो. वाचकाला क्षणभरही विसर पडत नाही की आपल्यासमोर कोणी कथा सांगत आहे. आणि ज्याला सांगणारा दिसतो, त्याला सांगणाऱ्याविषयी शंका घेण्याचा अधिकारही राहतो. हा अधिकार पडद्यासमोर बसलेल्या प्रेक्षकाजवळ कितपत उरतो, हा खरा प्रश्न आहे.

तो प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नाही. अमेरिकेत ल्यू वॉलेस या सेनानीने १८८० साली ‘बेन-हर’ ही कादंबरी लिहिली. येशू ख्रिस्ताच्या काळातील ज्यू राजपुत्राची ती कल्पित कथा. १९०७ साली एका कंपनीने परवानगी न घेता तिच्यावर छोटा चित्रपट काढला. तेव्हा प्रकाशक न्यायालयात गेले, आणि अखेर १९११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट कंपनीविरुद्ध निकाल दिला. कादंबरी पडद्यावर दाखविणे म्हणजे तिचा उपयोग करणेच होय, हे तत्त्व त्या निकालाने तेथे प्रस्थापित केले. पुढे १९२५ साली मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने त्यावर भव्य मूकपट काढला आणि १९५९ साली विल्यम वायलरच्या दिग्दर्शनाखाली बोलपट काढला. त्या बोलपटाला ११ ऑस्कर पारितोषिके मिळाली. रथांच्या शर्यतीचा देखावा ज्यांनी पाहिला, त्यांच्या मनात रोमन साम्राज्याचे चित्र म्हणून तीच शर्यत उरली.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. मार्गारेट मिचेल यांची ‘गॉन विथ द विंड’ ही कादंबरी १९३६ साली निघाली आणि तीनच वर्षांनी, १९३९ साली, तिचा चित्रपट झाला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात दक्षिणेकडील जमीनदार घराण्यातील स्कार्लेट नावाच्या मुलीची ती कथा. तिचा ‘टारा’ नावाचा वाडा संपूर्णपणे कल्पित. तथापि जॉर्जिया प्रांतात जाणारे प्रवासी तो वाडा कोठे आहे, अशी चौकशी करू लागले. वाड्यापुरतेच हे राहिले असते तर हसून सोडून देता आले असते. परंतु त्या चित्रपटाने गुलामगिरीचे जे गोड व सुखवस्तू चित्र रंगविले, तेही कित्येकांनी खरे मानले. मळ्यांवर राबणाऱ्या लक्षावधी गुलामांचे हाल त्या सुंदर रंगांखाली झाकले गेले. कल्पित पात्र खरे मानण्याची खरी किंमत कोणी मोजली, हे यावरून ध्यानात येते. ज्यांना त्या कथेत नाव मिळाले नाही, त्यांनी ती मोजली.

आता महाराष्ट्राकडे परत यावे. कोल्हापूर येथे बाबुराव कृष्णराव मिस्त्री, म्हणजेच बाबुराव पेंटर, यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. ते मूळचे चित्रकार. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यात त्यांचा हात बसलेला. त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली पुण्यात दाखविला गेला. त्यांच्या कंपनीत तयार झालेल्या मंडळींत विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि शांताराम वणकुद्रे, म्हणजेच व्ही. शांताराम, ही पुढे गाजलेली नावे होती. १९२३ साली बाबुरावांनी ‘सिंहगड’ काढावयास घेतला. हरिभाऊ १९१९ साली निवर्तले होते. आपला कोंढाणा पडद्यावर चढलेला त्यांना पाहावयास मिळाला नाही.

‘सिंहगडा’तील मुख्य प्रसंग रात्रीचा, आणि तेव्हाचे छायाचित्रण सर्वस्वी सूर्यावर अवलंबून. दिवसा चित्रण करावे, आणि रात्र भासविण्यासाठी फीत निळ्या रंगात बुडवावी, असा प्रघात होता. बाबुरावांनी या चित्रपटात कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला, आणि हिंदी चित्रकलेच्या इतिहासात या प्रयोगाची नोंद झाली. अंधारातून उजळलेली तटबंदी व मावळ्यांच्या आकृती पाहून प्रेक्षक थक्क झाले असतील, यात शंका नाही. तरुण शांतारामांनी, वयाची जेमतेम बाविशी असता, त्यात वृद्ध शेलारमामाची भूमिका केली. पडद्यावर शब्द उमटत ते लिखित पाट्यांच्या रूपाने. ज्यांना वाचता येत नसे त्यांना शेजारचा वाचून दाखवी. समोर वाद्ये वाजत असत. म्हणजे ‘करमणूक’ मोठ्याने वाचणाऱ्या घरातील तो वाचक येथेही होताच, मात्र त्याच्या हातून कथा निसटून पडद्यावर गेली होती.

या चित्रपटाला लोटलेली गर्दी पाहून सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, अशी एक आख्यायिका चित्रपटसृष्टीत प्रसिद्ध आहे. मुंबई इलाख्यातील करमणूक कराचा कायदा १९२३ सालचाच आहे, हे खरे. तथापि बंगालमध्ये असा कर आदल्या वर्षी, १९२२ साली, बसला होता. तेव्हा ही कल्पना कोल्हापूरच्या चित्रपटावरून निघाली, असे म्हणणे कठीण. कोंढाण्याच्या कथेवर जशा आख्यायिका चढल्या, तशी त्या कथेवरील चित्रपटावरही एक चढली, एवढेच यावरून म्हणता येते. लोकप्रिय गोष्टीला पुटे चढतात, आणि ती चढण्यास शंभर वर्षे लागतातच असे नाही.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडले व त्यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साहाय्याने कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. ऐतिहासिक चित्रपट काढणे त्या काळी निव्वळ करमणुकीचे काम नव्हते. १९३० साली प्रभातने शिवाजी महाराजांवर ‘स्वराज्य तोरण’ नावाचा मूकपट तयार केला. स्वराज्य हा शब्दच परीक्षक मंडळास खुपला, आणि तो चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने प्रदर्शित करावा लागला. यावरून गड परत घेण्याची कथा पाहताना प्रेक्षागृहातील लोकांच्या मनात कोणता गड असे, हे निराळे सांगावयास नको. परक्याने बळकावलेला किल्ला आणि परक्याच्या कैदेतील स्त्री या दोन्ही प्रतिमा त्या काळी देशाच्या स्थितीचे रूपक म्हणून सहज समजल्या जात. हरिभाऊंची कमलकुमारी घरातील स्त्रीचे दुःख घेऊन आली होती. पडद्यावर आल्यावर तिच्या अंगावर देशाच्या दास्याचाही अर्थ चढला.

१९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाने प्रभातला वाणी मिळाली, आणि १९३३ साली शांतारामांनी ‘सिंहगड’ पुन्हा काढला, या वेळी दिग्दर्शक म्हणून. गोविंदराव टेंबे यांचे संगीत लाभले. दहा वर्षांपूर्वी गुरूच्या चित्रपटात दाढी लावून शेलारमामा झालेला तरुण आता तीच कथा स्वतः सांगत होता. तानाजी आता बोलू लागला, उदयभानू बोलू लागला, आणि कमलकुमारीही बोलू लागली. आवाज आला म्हणजे अस्तित्वाविषयीची शेवटची शंकाही फिटते. लेखक मात्र पूर्णपणे अदृश्य झाला. तानाजी मालुसरे हा खरा पुरुष आणि कमलकुमारी ही कल्पित स्त्री, दोघे एकाच दिव्याच्या उजेडात, एकाच तटावर, सारख्याच ठसठशीतपणे उभे. त्यांतला एक बखरीतून आला आणि दुसरी पुण्यातील एका साप्ताहिकातून आली, हे सांगणारी खूण पडद्यावर कोठेही नसते. ती असावी अशी अपेक्षा करणेही कलेच्या दृष्टीने अयोग्य. कारण भास पुरा झाला तरच चित्रपट यशस्वी होतो.

याचा परिणाम किती दूरवर पोहोचला ते पाहण्यास फार शोध करावा लागत नाही. १९३३ नंतर ८७ वर्षांनी, २०२० साली, ‘तान्हाजी’ हा हिंदी चित्रपट साऱ्या देशात गाजला. त्यातही उदयभानूच्या कैदेत एक रजपूत स्त्री आहे आणि तिचे नाव कमल आहे. ज्या प्रेक्षकांनी हरिभाऊंचे नावही ऐकलेले नव्हते, त्यांनी त्यांचे पात्र इतिहास समजून पाहिले. कोणाही लेखकाला याहून मोठे यश मिळाले नसेल, आणि याहून विचित्र विस्मरणही कोणाच्या वाट्यास आले नसेल.

गडाच्या नावाचीही तीच गत झाली. तानाजी पडला तेव्हा महाराजांनी शोकाने काढलेल्या उद्‌गारांवरून कोंढाण्याचे नाव सिंहगड पडले, असे शाळाशाळांतून शिकविले गेले. परंतु १६६३ सालच्या, म्हणजे तानाजीच्या मृत्यूच्या सात वर्षे आधीच्या, शिवकालीन पत्रात सिंहगड हे नाव आढळते. नाव आधीच होते. तानाजीच्या मरणाने त्याला अर्थ लाभला. खरे पाहता हे सत्य दंतकथेपेक्षा कमी हृद्य नाही. सिंहाच्या नावाच्या गडासाठी एक सिंह पडला, एवढे म्हटले तरी पुरे. परंतु कादंबरीचे शीर्षक लोकांच्या जिभेवर इतके बसले होते की पत्राकडे पाहण्याची कोणास गरज वाटली नाही.

या साऱ्यात हानी कोणाची झाली? तानाजीची झाली नाही. त्याची कीर्ती प्रत्येक पिढीत वाढतच गेली. कमलकुमारीची तर नाहीच. हानी झाली ती त्या दोघा मावळ्यांची, ज्यांना सभासदाने वानराची उपमा दिली. माघातील कृष्णपक्षाच्या रात्री, हाताला गारठा झोंबत असता, खाली दरी आणि वर शत्रूचा पहारा, अशा स्थितीत जे दोघे प्रथम कड्याला बिलगले, त्यांच्यावर त्या रात्रीचे सारे यश अवलंबून होते. त्यांतील एकाचा पाय निसटता आणि त्याची किंकाळी पहारेकऱ्याच्या कानी जाती, तर आज सांगावयास कथाच उरली नसती. त्यांचे काम पोवाड्याने घोरपडीला दिले, आणि पुढे कादंबरीने व चित्रपटाने घोरपडीला अजरामर केले. आज घोरपडीचे नाव प्रत्येक मुलास पाठ आहे, कल्पित स्त्रीचे नाव पाठ आहे. त्या दोघा माणसांचे नाव मात्र बखरीतही नाही आणि पडद्यावरही नाही. मनुष्याच्या बोटांनी व गुडघ्यांनी केलेला पराक्रम जनावराच्या खाती जमा झाला, हे त्या कथेतील सर्वांत मोठे दुःख होय. आणि ते कोणीही पडद्यावर दाखविलेले नाही.

म्हणून कादंबरी वाचू नये किंवा चित्रपट पाहू नये, असा निष्कर्ष काढणे मूर्खपणाचे होईल. हरिभाऊ नसते, बाबुराव नसते, शांताराम नसते, तर कोंढाणा हा बखरीतील चार ओळींत पडून राहिला असता. लोकांच्या अंतःकरणात तो जिवंत ठेवला तो त्यांनीच. कर्तव्य आहे ते एवढेच, की प्रत्येकाचे देणे प्रत्येकाच्या नावावर लिहावे. सभासदाचे सभासदाला, तुळशीदासाचे तुळशीदासाला, आणि कमलकुमारी हरिभाऊंना. तसे केल्याने कमलकुमारी लहान होत नाही. उलट, एका सहृदय लेखकाने आपल्या काळातील स्त्रीचे दुःख सांगण्यासाठी तिला सव्वादोन शतकांमागील गडावर नेऊन ठेवले, हे कळल्यावर ती अधिकच जवळची वाटते.

मुंबईच्या खाडीपलीकडे कोपरखैरणे म्हणून वस्ती आहे. मूळचे ते आगरी-कोळ्यांचे गाव. १९७० साली सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबई वसू लागली, घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याकडे आला, आणि बाजारात डोक्यापाठीवर ओझे वाहणाऱ्या माथाडी कामगारांची कुटुंबे कोपरखैरण्यात मोठ्या संख्येने राहावयास आली. त्यांतील पुष्कळांचे मूळ गाव सातारा-पुण्याकडील डोंगरात. कोंढाणा चढणारे मावळे ज्या सह्याद्रीच्या खोऱ्यांतून आले, त्याच सह्याद्रीची ही माणसे. त्यांच्या मुलांनी तानाजीचा चित्रपट पाहिला असेल, घोरपडीचे नावही त्यांना येत असेल. त्या मुलांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी: त्या रात्री प्रथम वर गेली ती घोरपड नव्हती, दोन माणसे होती. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. परंतु ती तुमच्या आजोबांसारखीच, अंगमेहनतीची व डोंगर तुडवणारी माणसे होती. हे ज्या मुलास कळेल, तो पुढे कादंबरीही आनंदाने वाचील आणि चित्रपटही आनंदाने पाहील, आणि दोहोंपैकी कोणासही इतिहास समजून फसणार नाही.